पुणे ते पानिपत : दोन तासांचे आकाश आणि शेवटचे शंभर किलोमीटर

पुण्याहून पानिपतला विमानाने किती वेळात पोहोचता येते, या प्रश्नाचे काटेकोर उत्तर द्यायचे तर विमानाने तेथे पोहोचताच येत नाही. पानिपतला प्रवासी विमानतळ नाही. विमान दिल्लीपर्यंत जाते आणि तेथून पुढचा प्रवास रस्त्याने किंवा रेल्वेने करावा लागतो. तरीही 'दोन तासांत' हे उत्तर सर्रास दिले जाते. पुणे–दिल्ली उड्डाणाचा वेळ तेवढाच असल्याने ते अगदीच खोटे नाही, परंतु प्रवाशाच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी पानिपतच्या काला आंब येथे झालेल्या शौर्य दिनाच्या कार्यक्रमास महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित राहिले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये सादर झालेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा करण्यात आली. स्मारक उभे राहिले म्हणजे यात्रिक, विद्यार्थ्यांच्या सहली, इतिहासप्रेमी मंडळे आणि कुटुंबे यांची ये-जा वाढणार. राज्याने स्वतःच्या सीमेपासून इतक्या दूर एखादे स्थळ उभारायचे ठरवले, की तेथे जाणार कोण, कसे आणि किती खर्चात, हाही धोरणाचाच भाग ठरतो.

एक प्रवास, तीन अंतरे

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि पानिपत शहर यांच्यामधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १,२४० किलोमीटर भरते. रस्त्याने हाच प्रवास साधारण दीड हजार किलोमीटरचा होतो. रेल्वेने दौंड, मनमाड, भोपाळ, दिल्ली या मार्गाने गेल्यास तो साडेसोळाशे किलोमीटरच्या पुढे जातो. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस याच मार्गाने पानिपत गाठते आणि त्यासाठी साधारण सव्वा दिवस घेते.

तीनही आकडे बरोबर आहेत आणि तिघांचा उपयोग वेगवेगळा आहे. रेल्वेचे भाडे रुळांच्या अंतरावर आकारले जाते, मोटारीचा खर्च रस्त्याच्या अंतरावर ठरतो आणि विमानाचे इंधन प्रामुख्याने हवाई अंतरावर जळते. प्रवाशाला मात्र घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा वेळ मोजावा लागतो, आणि तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो.

तो वेळ मांडून पाहिला तर चित्र असे दिसते. पुणे शहरातून लोहगावला पोहोचण्यास पाऊण तास. देशांतर्गत उड्डाणासाठी सुमारे दोन तास आधी हजर राहण्याची अपेक्षा. उड्डाणाचे दोन तास दहा-पंधरा मिनिटे. दिल्लीत उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा ते पाऊण तास. त्यापुढे पानिपतपर्यंत रस्त्याने दोन ते अडीच तास. बेरीज आठ तासांच्या आसपास जाते. याचा अर्थ असा की ज्या दोन तासांची जाहिरात होते, ते एकूण प्रवासाच्या जेमतेम चतुर्थांशाइतके आहेत.

उड्डाणाचा वेळ म्हणजे नेमके काय

वेळापत्रकातील उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान हवेत असण्याचा वेळ नव्हे. विमान निघण्याच्या जागेवरून हलल्यापासून पोहोचण्याच्या जागेवर थांबेपर्यंतचा तो कालावधी असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उड्डाण, आकाशात घिरट्या घालणे, उतरणे आणि पुन्हा इमारतीपर्यंत येणे हे सर्व त्यात धरलेले असते.

पुणे–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१६० किलोमीटर आहे. या मार्गावरील नेहमीची प्रवासी विमाने पुरेशा उंचीवर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जातात. नुसता भागाकार केला तर दीड तासाच्या आत प्रवास संपायला हवा. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक वेळ दाखवलेला असतो. मधला अर्ध्या तासाहून अधिक वेळ हा चढण्या-उतरण्याचा आणि मुख्यतः विमानतळांच्या गर्दीचा असतो.

दिल्ली विमानतळावर २०२३ मध्ये चौथी धावपट्टी आणि पूर्वेकडील उन्नत जोडमार्ग सुरू झाला. त्यापूर्वी काही विमानांना उतरल्यावर इमारतीपर्यंत जमिनीवरच सुमारे नऊ किलोमीटरचा फेरा घालावा लागे. नव्या मार्गाने तो फेरा सुमारे दोन किलोमीटरवर आला. विमानाचा वेग न वाढवता प्रवासाचा वेळ कमी करता येतो, याचे हे उदाहरण आहे. विलंब बहुधा आकाशात निर्माण होत नाही. तो जमिनीवर निर्माण होतो आणि जमिनीवरच कमी करता येतो.

याउलट, आकाशातील वेळ राजकीय कारणानेही वाढू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि ती बंदी पुढे महिन्या-महिन्याने वाढवण्यात आली. भारतानेही पाकिस्तानी विमानांवर तशीच बंदी घातली. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवताना दिलेल्या कारणांमध्ये हेही एक कारण होते. दोन शहरांमधील अंतर भूगोलात तेच राहते. प्रवासाचे अंतर मात्र धोरणाप्रमाणे बदलते.

पानिपतला विमानतळ का नाही

पानिपत हे लहान गाव नाही. तेथे देशातील एक प्रमुख तेलशुद्धीकरण कारखाना आहे. हातमाग व यंत्रमागावरील वस्त्रोद्योग, ब्लँकेट आणि गालिचे यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. जगभरातून येणारे जुने कपडे फाडून, पिंजून त्यांपासून पुन्हा सूत काढण्याच्या धंद्याचे ते जगातील मोठे केंद्र मानले जाते. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्या सोलापूरच्या बाजारपेठेलाही पानिपतच्या स्वस्त मालाची स्पर्धा जाणवते. म्हणजे महाराष्ट्राशी पानिपतचे नाते केवळ इतिहासाचे नाही, ते रोजच्या व्यापाराचेही आहे.

मग विमानतळ का नाही? याचे मुख्य कारण पानिपत दिल्लीपासून फार दूर आहे हे नसून ते फार जवळ आहे, हे आहे. दिल्ली विमानतळ आणि पानिपत यांच्यातील सरळ अंतर सुमारे ९२ किलोमीटर आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या नव्या विमानतळांविषयीच्या धोरणानुसार, अस्तित्वात असलेल्या नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ सर्वसाधारणपणे होऊ दिला जात नाही. अपवाद करायचा झाल्यास जुन्या विमानतळावर होणारा परिणाम तपासून केंद्राला निर्णय घ्यावा लागतो. दिल्लीजवळ जेवर येथील विमानतळ असाच अपवाद म्हणून मंजूर झाला, पण तो राजधानीच्या दक्षिण-पूर्वेस आहे. उत्तरेकडील पानिपतला त्याचा फारसा उपयोग नाही.

हरियाणाने हिसार येथे विमानतळ उभारला आणि एप्रिल २०२५ मध्ये तेथून अयोध्येसाठी विमानसेवा सुरू झाली. परंतु हिसार पानिपतपासून सरळ रेषेतही ११५ किलोमीटरहून अधिक दूर आहे. चंदीगडचे अंतर त्याहूनही जास्त भरते. म्हणजे पानिपतकराला तीन दिशांना तीन विमानतळ आहेत आणि त्यांतील सर्वांत जवळचा दिल्लीचाच आहे. राजधानीच्या सावलीतील शहराला राजधानीतूनच वाट काढावी लागते.

१७६० चा हिशेब

दिल्लीच्या या जवळिकीनेच पानिपतला इतिहासात स्थान मिळवून दिले. वायव्येकडून येणाऱ्या सैन्याला राजधानी गाठण्याआधी लागणारे हे शेवटचे मोठे मैदान. पूर्वेस यमुना, मधून जाणारा जुना राजमार्ग आणि दिल्ली अवघ्या काही मजलांवर. १५२६, १५५६ आणि १७६१ या तीनही लढाया याच टापूत व्हाव्यात, यात योगायोगाचा भाग थोडा आहे.

मार्च १७६० च्या मध्यास सदाशिवरावभाऊंनी आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून, म्हणजे त्या काळच्या पटदूरहून, उत्तरेकडे कूच केले. ऑगस्टच्या प्रारंभी दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला आणि ऑक्टोबरअखेर फौज पानिपतला पोहोचली. मुक्काम धरून हा प्रवास साडेसात महिन्यांचा झाला. परतूर ते पानिपत हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १,१०० किलोमीटर आहे. दुसऱ्या बाजूस अहमदशाह अब्दालीची राजधानी कंदाहार होती. कंदाहार ते पानिपत हे अंतरही सरळ रेषेत मोजल्यास जवळजवळ तेवढेच, सुमारे १,१०० किलोमीटर भरते. मराठे घरापासून फार दूर गेले आणि म्हणून हरले, असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला हा साधा हिशेब पुरेसा आधार देत नाही. घरापासून दोन्ही पक्ष जवळपास सारखेच दूर होते.

फरक पडला तो शेवटच्या टप्प्यात. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व पानिपत यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मराठ्यांचा दक्षिणेकडील मार्ग तुटला. यमुनेपलीकडील दुआबात अब्दालीला नजीबखान रोहिल्यासारखा स्थानिक साथीदार होता आणि तेथून त्याला धान्य मिळत राहिले. मराठ्यांसाठी रसदीची व्यवस्था पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. हजारो किलोमीटर पार करून आलेली फौज शेवटच्या शंभर किलोमीटरच्या तुटलेल्या मार्गामुळे उपासमारीच्या कडेला आली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी तिला लढाईस बाहेर पडावे लागले. लढाईच्या निकालाची इतर अनेक कारणे इतिहासकार देतात. परंतु वाहतुकीच्या दृष्टीने पाहता, लांबचा पल्ला नव्हे तर शेवटचा टप्पा निर्णायक ठरला, हे नाकारता येत नाही.

वार्तेचा वेगही लक्षात घेण्याजोगा आहे. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलसा, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, लढाईनंतर सुमारे दहा दिवसांनी एका सावकारी पत्रातून ही बातमी कळली. मोती, मोहरा आणि सुट्या नाण्यांच्या सांकेतिक भाषेत त्यात माणसांच्या हानीचा हिशेब होता. साडेसहाशे किलोमीटरसाठी दहा दिवस. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले. 'पानिपत होणे' हा शब्दप्रयोग मराठीत आजही रूढ आहे, इतका तो आघात खोल होता.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस आज परतूरवरूनच धावते आणि दिल्ली ओलांडून पानिपतच्या मार्गाने पुढे जाते. भाऊंच्या फौजेने साडेसात महिन्यांत पार केलेले अंतर ती दीड दिवसाच्या आत कापते. मराठवाड्यातील प्रवाशासाठी पानिपतचा खरा मार्ग आजही पुण्याच्या विमानतळावरून नव्हे, तर याच रुळांवरून जातो.

चौदा जानेवारी आणि धुके

महाराष्ट्रातून पानिपतला जाणाऱ्यांची सर्वाधिक संख्या ज्या दिवसासाठी निघते, तो दिवस उत्तर भारतातील दाट धुक्याच्या हंगामात येतो. हवाई वाहतूक नियामक संस्था १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा दिल्लीसाठी धुक्याचा काळ धरते. या काळात अत्यल्प दृश्यमानतेत विमान उतरवण्याची यंत्रणा विमानात असावी आणि वैमानिकांनी त्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अपेक्षा असते. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर तशी सोय आहे. तथापि विमान किंवा वैमानिक त्या पात्रतेचे नसतील, तर धावपट्टी सज्ज असूनही विमानाला जयपूर, अहमदाबाद किंवा मुंबईकडे वळावे लागते.

१४ जानेवारी २०२४ रोजी नेमके हेच घडले. दिल्लीत दृश्यमानता जवळजवळ शून्यावर आली, शेकडो उड्डाणे रखडली, अनेक रद्द झाली. दिल्लीत तासन् तास थांबलेल्या एका विमानात एका प्रवाशाने वैमानिकावर हात उगारला. गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान मुंबईला वळवण्यात आले आणि त्यातील प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच बसून जेवताना दिसले. या प्रकरणी नंतर विमान कंपनी आणि विमानतळ या दोघांवरही दंडात्मक कारवाई झाली.

अशा वेळी प्रवाशाचे हक्क उड्डाणाच्या छापील वेळेवर ठरतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास विलंब झाला, तर प्रवाशाला खाणेपिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी ही मर्यादा तीन तासांची आहे. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर दुसरे विमान किंवा संपूर्ण परतावा यांपैकी एकाची निवड प्रवाशाला करता येते. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास द्यावयाची भरपाईही वेळेच्या टप्प्यांवर आहे : एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक उड्डाणास १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. पुणे–दिल्ली उड्डाण दोन तासांच्या किंचित पुढे असल्याने ते सर्वांत वरच्या टप्प्यात येते.

परंतु यात एक मोठी मेख आहे. धुके ही कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थिती मानली जात असल्याने त्या कारणाने उड्डाण रद्द झाल्यास भरपाई देय होत नाही. खाणेपिणे आणि परतावा यांचा हक्क शिल्लक राहतो, पण चुकलेली पुढची गाडी, आधीच भरलेले मोटारीचे भाडे, वाया गेलेली एका रात्रीची खोली यांचा भार प्रवाशावरच पडतो. विमान कंपनीच्या लेखी त्याचा प्रवास दिल्लीत संपतो. त्याच्या स्वतःच्या लेखी तो पानिपतला संपायचा असतो.

भाडे मिनिटांचे की किलोमीटरचे

रेल्वेचे भाडे अंतराच्या तक्त्यावर ठरते आणि ते सर्वांना आधी कळते. साध्या गाड्यांत ते आज आणि सणाच्या आदल्या दिवशी सारखेच असते. विमान भाड्यावरील सरकारी नियंत्रण १९९४ मध्ये उठले. तेव्हापासून सर्वसाधारण परिस्थितीत कंपन्या मागणीप्रमाणे भाडे ठरवतात. संकटाच्या काळात मात्र सरकारने दोन वेळा हस्तक्षेप केला आणि दोन्ही वेळी अंतर मोजण्याची पद्धत वेगळी होती.

मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याच्या मर्यादा उड्डाणाच्या मिनिटांवर ठरवण्यात आल्या. चाळीस मिनिटांपेक्षा कमी उड्डाणास २,००० ते ६,००० रुपये, नव्वद ते एकशेवीस मिनिटांस ३,५०० ते १०,००० रुपये, एकशेवीस ते एकशेपन्नास मिनिटांस ४,५०० ते १३,००० रुपये, असे सात टप्पे होते. ही पद्धत ऑगस्ट २०२२ अखेर संपली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांच्या पार्श्वभूमीवर देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची भाडी आभाळाला भिडली. तेव्हा सरकारने तात्पुरती कमाल मर्यादा घातली, ती मात्र किलोमीटरवर : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर व विमानतळ शुल्क वेगळे.

पुणे–दिल्ली मार्गापुरते पाहिले तर मिनिटांच्या पद्धतीत तो दोन तासांच्या सीमारेषेवर येतो. जमिनीवरील रांगेसाठी वेळापत्रकात दहा मिनिटे वाढवली, की महागडा टप्पा लागू होतो. किलोमीटरच्या पद्धतीत अशी पळवाट राहत नाही, कारण पुणे आणि दिल्ली यांना कोणी जवळ किंवा दूर सरकवू शकत नाही. प्रवाशाच्या हिताचा विचार करता भाड्यासाठी किलोमीटर आणि विलंबाच्या हक्कांसाठी प्रत्यक्ष पोहोचण्याची वेळ, हे सूत्र अधिक न्याय्य ठरेल.

शेवटचा टप्पा

दिल्लीहून पानिपतला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्याचाच भाग आहे. तो रुंद झाला आहे, पण त्याचा भरवसा नेहमीच देता येतो असे नाही. नोव्हेंबर २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत कृषी कायद्यांविरोधातील शेतकरी आंदोलनाच्या काळात सिंघू येथे हाच महामार्ग वर्षभराहून अधिक काळ बंद होता आणि वाहने गावांतल्या रस्त्यांनी फिरत होती. आंदोलकांची बाजू कोणती आणि सरकारची कोणती, हा स्वतंत्र विषय आहे. येथे मुद्दा इतकाच की राजधानी आणि पानिपत यांच्यातील हा पट्टा अडला की उत्तरेकडचा सर्व प्रवास अडतो. हे अठराव्या शतकात खरे होते, तसेच एकविसाव्या शतकातही खरे ठरले.

अलीकडे एक सुधारणा मात्र झाली आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्लीच्या नव्या बाह्य जोडरस्त्याचा अलीपूर ते दिचाऊं कलां हा भाग आणि द्वारका द्रुतगती मार्गाचा दिल्लीतील भाग यांचे उद्घाटन झाले. त्यामुळे विमानतळाहून महामार्ग ४४ गाठण्यासाठी शहराच्या गर्दीतून जाण्याची गरज कमी झाली. पानिपतच्या प्रवाशासाठी ही वाचलेली वेळ विमानाचा वेग वाढवून मिळाली नसती.

दिल्ली–पानिपत जलदगती प्रादेशिक रेल्वेचा प्रश्न मात्र रेंगाळला आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी अग्रक्रमाने ठरवलेल्या तीन मार्गांत तो होता. त्यांतील दिल्ली–मेरठ मार्गावर ऑक्टोबर २०२३ मध्ये गाड्या धावू लागल्या. पानिपतचा मार्ग पुढे कर्नालपर्यंत वाढवून सुमारे १३६ किलोमीटरचा करण्याचे ठरले, पण तो अद्याप प्रवाशांच्या सेवेत आलेला नाही. हा मार्ग झाला तर दिल्लीहून पानिपतचे अंतर सुमारे एका तासावर येऊ शकते. पुणे–दिल्ली विमान कितीही वेगवान झाले तरी एवढी बचत त्यातून होणार नाही.

पुण्याच्या टोकालाही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे. २०२४ मध्ये तेथे नवी प्रवासी इमारत सुरू झाली, पण धावपट्टी लष्कराचीच राहिली. म्हणून पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ उभारण्याचा निर्णय झाला. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या गावांतील शेतकऱ्यांनी भूसंपादनास विरोध केला. विमानतळ शहरापासून दूर गेला तर हडपसर-सासवडच्या बाजूचे अंतर कमी होईल आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रवाशाचे वाढेल. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आणि शहरातील प्रवाशाची सोय यांचा तराजू तोलताना, उड्डाणाच्या दोन तासांआधीचा तासही मोजला गेला पाहिजे.

स्मारकाआधी मार्ग

पानिपतच्या परिसरात रोड समाजातील अनेक जण स्वतःला त्या युद्धातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि शौर्य दिनाच्या आयोजनात त्यांचा पुढाकार असतो. पानिपत शहरातील क्रीडांगणाला शिवाजी स्टेडियम असे नाव आहे आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता नीरज चोप्रा याने भालाफेकीचे पहिले धडे तेथेच गिरवले. म्हणजे तेथे आपुलकीने वाट पाहणारी माणसे आहेत. प्रश्न फक्त तेथे पोहोचण्याचा आहे.

महाराष्ट्र सरकारने स्मारकाची आखणी करताना तीन गोष्टींचा विचार केल्यास खर्च फार न वाढता लाभ मोठा होईल. पहिली गोष्ट म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुणे, मुंबई आणि मराठवाड्यातून पानिपतपर्यंत थेट विशेष गाड्या मागणे. धुक्यात गाड्याही उशिरा धावतात, पण त्या प्रवाशाला भलत्याच शहरात उतरवत नाहीत. दुसरी गोष्ट, पानिपत स्थानकापासून काला आंबपर्यंत भरवशाची बससेवा असावी, यासाठी हरियाणा सरकारशी करार करणे. तिसरी गोष्ट, स्मारकाचे वार्षिक कार्यक्रम एकाच दिवशी न ठेवता मार्चमध्येही एक उपक्रम घेणे. मार्च हा भाऊंच्या प्रस्थानाचा महिना आहे, आणि त्या सुमारास दिल्लीचे आकाश स्वच्छ असते.

दोन शहरांमधील अंतर विचारले की आपण उड्डाणाचे तास सांगून मोकळे होतो, कारण तो आकडा सर्वांत लहान असतो. परंतु ज्याच्याकडे विमानाचे भाडे नाही, ज्याला दिल्लीत रात्री मुक्कामाची ओळख नाही, जो लातूरहून किंवा परतूरहून निघतो, त्याच्यासाठी पानिपत आजही दूरच आहे. ते जवळ आणण्याचे काम विमान कंपन्या करणार नाहीत. ते रस्ते, रेल्वे आणि बस यांचे, म्हणजेच शासनाचे काम आहे.